जुन्या ट्रकच्या एअर इनटेकवर खर्च करण्यापूर्वी: अडथळा कसा मोजावा आणि निर्णय कसा घ्यावा

ट्रक पंधरा-वीस वर्षे चालला आणि चढावर पूर्वीसारखा ओढेनासा झाला की मालकाचे लक्ष बोनेटखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याकडे आणि त्यातून निघणाऱ्या सुरकुतलेल्या रबरी नळीकडे जाते. तो डबा काढून त्याजागी चकचकीत धातूची नळी आणि शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला की इंजिन मोकळा श्वास घेईल, शक्ती वाढेल आणि इंधनही वाचेल, असे या बदलासाठी विकल्या जाणाऱ्या तयार संचांच्या जाहिराती सांगतात. यांतले काय खरे आणि काय नाही हे प्रत्येक ट्रकगणिक बदलते. पण ते ठरवण्याची एक साधी आणि खात्रीची पद्धत आहे. इनटेक, म्हणजे इंजिनापर्यंत हवा नेणारा हा डबा, फिल्टर आणि नळी, बदलून जास्तीत जास्त किती लाभ होऊ शकतो याची वरची मर्यादा मूळ इनटेकमध्ये आज वाया जाणाऱ्या दाबाने ठरते, आणि हा दाब पारदर्शक नळी व थोडे पाणी एवढ्या साहित्यावर कोणालाही मोजता येतो. हे मोजमाप केल्याशिवाय संच विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी जुनेपणाचे दोष काढावेत

कारखान्यातून बाहेर पडताना ट्रकला जी ओढ होती ती त्याच मूळ डब्यातून आणि त्याच मूळ नळीतून हवा घेऊन होती. ती आज नसेल, तर डब्याची रचना बदललेली नसून इंजिनात किंवा त्याच्या आजूबाजूला काहीतरी झिजले, तुंबले किंवा फुटले आहे, हा पहिला निष्कर्ष काढला पाहिजे. झिजलेले स्पार्क प्लग, कमी पडलेला इंधनाचा दाब, अडखळणारे इंजेक्टर, ताणलेली टायमिंग चेन, आतून वितळून तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग), व्हॅक्यूमच्या तडकलेल्या नळ्या आणि सिलिंडरांमधील असमान कॉम्प्रेशन यांपैकी एकच दोष असला तरी त्यात जाणारी शक्ती इनटेकने मिळणाऱ्या शक्तीपेक्षा कितीतरी जास्त असू शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल तर आत येण्याचा मार्ग कितीही रुंद केला तरी उपयोग होत नाही, कारण जळालेला वायू बाहेर पडल्याशिवाय नवी हवा आत येऊ शकत नाही.

हवेचा मार्गही या वेळी तोंडापासून शेवटपर्यंत हाताने तपासावा. बराच काळ उभ्या राहिलेल्या ट्रकच्या हवेच्या तोंडात उंदरांनी घरटे केलेले आढळते. रबरी नळीच्या घड्यांमध्ये, विशेषतः खालच्या न दिसणाऱ्या बाजूला, चिरा पडलेल्या असतात; नळी हाताने ताणून आणि वाकवून पाहिल्याखेरीज त्या दिसत नाहीत. जुनी, मऊ पडलेली नळी पूर्ण एक्सिलरेटरवर आतल्या ओढीने चपटीही होते. डब्याच्या क्लिपा तुटल्या असतील तर फिल्टर चुकवून धूळ आत जात असते. एवढे दुरुस्त करून नवा, मूळ मापाचा फिल्टर बसवल्यावर अनेकांची तक्रार संपते, आणि पुढचे सारे वाचण्याची गरजही उरत नाही.

अडथळा म्हणजे किती?

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाएवढी हवा घेते. ५ लिटरचे इंजिन ४००० आरपीएमवर चालत असेल आणि सिलिंडर ८० टक्के भरत असतील, तर ते मिनिटाला सुमारे ८००० लिटर हवा ओढते. ही हवा फेंडर किंवा ग्रिलजवळच्या तोंडातून डब्यात येते, फिल्टरमधून जाते, नंतर नळीतून थ्रॉटल बॉडीपर्यंत, म्हणजे एक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेपर्यंत, पोहोचते आणि तेथून सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये शिरते. वाटेतील प्रत्येक वळण, प्रत्येक अरुंद जागा आणि फिल्टरचा कागद थोडा थोडा दाब खातो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१.३ किलोपास्कल असतो. मार्गात त्यातला १ किलोपास्कल गेला तर इंजिनला मिळणारी हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते, आणि पूर्ण एक्सिलरेटरवर शक्तीही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात घटते.

१० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाबही जवळपास १ किलोपास्कलच भरतो, ही या कामातली मोठी सोय आहे. म्हणजे पाण्याच्या नळीत १० सेंटिमीटर फरक दिसला तर एक टक्का शक्ती, २० सेंटिमीटर दिसला तर दोन टक्के, असा हिशेब तोंडी करता येतो. बाजारातील संच कितीही उत्तम असला तरी तो हा अडथळा शून्याच्या खाली नेऊ शकत नाही. मोजमापात १२ सेंटिमीटर आले आणि इंजिन २०० अश्वशक्तीचे असेल, तर अगदी आदर्श इनटेकनेही अडीच अश्वशक्तीपेक्षा जास्त मिळणार नाही, आणि प्रत्यक्षातल्या संचाचा स्वतःचाही काही अडथळा असल्यामुळे हाती त्याहून कमीच लागेल.

पाण्याच्या नळीने मोजमाप

सुमारे ६ मिलिमीटर आतल्या व्यासाची तीन-चार मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्यावी. एका अरुंद फळीवर ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी, दोन्ही उभ्या भुजा साठ-सत्तर सेंटिमीटर उंच राहतील अशी पक्की करावी आणि मध्ये मोजपट्टी चिकटवावी. भुजा निम्म्या भरतील एवढे रंग मिसळलेले पाणी ओतावे. एक टोक उघडे ठेवायचे आणि दुसरे टोक लांब नळीने बोनेटखाली हवेच्या मार्गाला जोडायचे. इंजिन हवा ओढू लागले की जोडलेल्या भुजेतले पाणी वर चढते आणि उघड्या भुजेतले खाली उतरते. दोन्ही पातळ्यांमधले पूर्ण अंतर हे मोजमाप असते. एका बाजूला ५ सेंटिमीटर चढले आणि दुसऱ्या बाजूला ५ उतरले तर वाचन १० सेंटिमीटर धरावे.

नळी जोडण्याची जागा नेहमी थ्रॉटलच्या अलीकडे, म्हणजे फिल्टरच्या बाजूला असली पाहिजे. थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये आयडलिंगला एवढी पोकळी असते की नळीतले सारे पाणी क्षणात इंजिनात ओढले जाईल. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात ही जागा फिल्टर आणि टर्बो यांच्या दरम्यान येते. टर्बोच्या पुढे दाब उलट वाढलेला असतो. गाडीतली फळी अशी बांधावी की ती कलंडणार नाही, आणि बोनेटकडे जाणाऱ्या नळीचा काही भाग फळीच्या बराच वर नेऊन मग खाली आणावा, म्हणजे धक्क्याने उसळलेले पाणी मार्गात शिरणार नाही.

कोठे भोक पाडावे याला महत्त्व आहे. अरुंद नळीत हवा वेगाने वाहत असते, आणि वेगाने वाहणाऱ्या हवेचा भिंतीवरचा दाब केवळ वेगामुळेच कमी भरतो. वर सांगितलेली मिनिटाला ८००० लिटर हवा ७५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून जाताना सेकंदाला सुमारे ३० मीटर वेग घेते, आणि एवढ्या वेगामुळे पाण्याच्या नळीत पाचेक सेंटिमीटर जास्तीचे वाचन येते. हे सगळे नुकसान नसते. म्हणून पहिले मोजमाप डब्याच्या रुंद भागात, फिल्टरच्या स्वच्छ बाजूला घ्यावे, कारण तेथे हवा संथ असते. दुसरे मोजमाप डब्यातच फिल्टरच्या धुळीच्या बाजूला आणि तिसरे थ्रॉटलच्या आधीच्या नळीच्या शक्य तितक्या सरळ भागात घ्यावे. भोक लहान असावे, त्यात रबरी ग्रोमेट (कडेला घट्ट बसणारे कडे) बसवावा आणि जोडनळीचे टोक आतल्या भिंतीच्या बाहेर डोकावू नये. काम झाल्यावर प्रत्येक भोक रबरी बुचाने हवाबंद करावे. फिल्टरच्या पुढचे उघडे भोक म्हणजे धुळीला दिलेला थेट रस्ता आहे.

आता दुसऱ्या माणसाला वाचनासाठी शेजारी बसवून, रहदारी नसलेल्या सुरक्षित रस्त्यावर, शक्य असल्यास चढावर, खालच्या गिअरमध्ये पूर्ण एक्सिलरेटर दाबून इंजिन त्याच्या सर्वाधिक शक्तीच्या आरपीएमपर्यंत न्यावे. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच पाहावे. प्रत्येक जागेचे वाचन दोन-तीन वेळा घ्यावे आणि प्रत्येक वेळी बोनेट बंद असावे.

तीन वाचनांची एकमेकांतून वजाबाकी केली की अडथळा नेमका कोठे आहे ते उघड होते. समजा धुळीच्या बाजूला ८ सेंटिमीटर, स्वच्छ बाजूला १४ आणि थ्रॉटलजवळ वेगाचा भाग वजा करून १७ आले. मग हवेचे तोंड ८, फिल्टर ६ आणि पुढची नळी अवघे ३ सेंटिमीटर खाते. अशा ट्रकमध्ये चकचकीत नळी आणि महागडा फिल्टर बसवून दोन्हींचा मिळून एक टक्कासुद्धा मिळणार नाही; अरुंद तोंड मोठे केले किंवा थंड हवेचे दुसरे तोंड डब्याला जोडले तर त्याहून कमी खर्चात तेवढाच लाभ होईल. संच विकत घेणारे बहुतेक लोक डब्यासकट सर्व बदलतात, पण दोष एकाच भागात असतो, आणि मोजमापाचा खरा फायदा हा भाग दाखवून देण्यात आहे.

थ्रॉटलजवळचे एकूण वाचन १५ सेंटिमीटरच्या आत असेल तर इनटेकचा विषय तेथेच सोडावा. १५ ते ३० या पट्ट्यात कोणता भाग दोषी आहे ते पाहून तेवढाच सुधारावा. स्वच्छ फिल्टर असतानाही ३० ते ४० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त येत असेल, तर संपूर्ण इनटेक बदलण्याला खरा आधार मिळतो. जड डिझेल इंजिनांत साधारण ६० सेंटिमीटरच्या आसपासचा अडथळा ही फिल्टर बदलण्याची मर्यादा मानली जाते. अशा अनेक ट्रकच्या डब्यावर अडथळा दाखवणारा छोटा दर्शक कारखान्यातूनच बसवलेला असतो, आणि तो चालू स्थितीत असेल तर पहिला अंदाज त्यावरूनही येतो.

नळ्या आणि वळणे यांतला अडथळा हवेच्या प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हेही लक्षात ठेवावे. पूर्ण प्रवाहाला १६ सेंटिमीटर खाणारा मार्ग निम्म्या प्रवाहाला सुमारे ४ सेंटिमीटरच खातो. जो ट्रक बहुतेक वेळ १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान ओझे वाहत असतो, त्याला सर्वाधिक आरपीएमवरचा लाभ क्वचितच भेटतो. उंच प्रदेशात ओढ कमी होते त्यावरही इनटेक हा उपाय नाही. १५०० मीटर उंचीवर हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी असतो, आणि तेथे एक-दोन टक्क्यांची सुधारणा जाणवण्याइतकी नसते.

गरम हवेचा तोटा

दाब वाचवताना तापमान वाढले तर सौदा तोट्याचा होतो. २७ अंश सेल्सिअसची हवा तापून ५७ अंश झाली की ती सुमारे ९ टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे प्रत्येक ३ अंशांमागे घनता साधारण एक टक्का घटते. शक्ती यापेक्षा काहीशी कमी घटते, तरी अडथळा काढून मिळालेला एक-दीड टक्का बुडवायला एवढे तापमान पुरेसे आहे. मूळ डब्याचे तोंड बहुतेक ट्रकमध्ये फेंडरमध्ये किंवा ग्रिलमागे, म्हणजे बाहेरची हवा मिळेल अशा जागी असते. बोनेटखाली उघडा ठेवलेला शंकू मात्र रेडिएटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांनी तापवलेली हवा ओढतो, आणि ओझे घेऊन सावकाश चढ चढताना, म्हणजे शक्तीची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच वेळी, ही हवा सर्वांत गरम असते.

ज्या ट्रकला ओबीडी-२ जोडणी (इंजिनाच्या संगणकातली माहिती वाचण्याचे प्रमाणित सॉकेट) आहे त्यात आत येणाऱ्या हवेचे तापमान साध्या स्कॅनरवर वाचता येते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हलक्या ट्रकना ही जोडणी १९९६ पासून अनिवार्य झाली; इतरत्र ती नंतरच्या वर्षांत आली. त्याआधीच्या ट्रकमध्ये लांब तारेचा साधा थर्मामीटर डब्यात सोडला तरी काम होते. बाहेरचे तापमान नोंदवावे आणि सरळ रस्त्यावर स्थिर वेगात, हळू चढावर आणि थांबत चालणाऱ्या रहदारीत, अशा तिन्ही स्थितींतला फरक लिहून ठेवावा. इनटेक बदलल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी. मूळ डब्यात हा फरक आधीच थोडा असेल, तर ‘थंड हवेचा’ म्हणून विकला जाणारा संच आणखी थंड हवा कोठून आणणार, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

इंधन वाचते का?

पेट्रोलच्या इंजिनात चालक एक्सिलरेटर सोडतो तेव्हा थ्रॉटलची झडप हवेचा मार्ग मुद्दामच अडवत असते. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना ती थोडीच उघडी असते आणि तिचा अडथळा फिल्टरच्या अडथळ्याच्या कित्येक पट असतो. अलीकडचा अडथळा कमी झाला तर चालकाचा पाय नकळत थ्रॉटल तेवढा मिटवतो, आणि इंजिनात जाणारी हवा व इंधन पूर्वीइतकेच राहते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंधन-इंजेक्शन असलेल्या गाड्यांवर केलेल्या चाचण्यांत, मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरमुळेसुद्धा इंधनाच्या वापरात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. तुंबलेला फिल्टर बदलूनही मायलेज वाढत नसेल, तर स्वच्छ फिल्टरच्या जागी दुसरा स्वच्छ फिल्टर बसवून ते वाढण्याचे कारण उरत नाही.

कार्ब्युरेटरच्या जुन्या ट्रकची गोष्ट वेगळी आहे. तेथे तुंबलेल्या फिल्टरमुळे मिश्रण गडद होऊ शकते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त पडते, आणि तो बदलल्यावर काही टक्के इंधन खरोखर वाचते. तो लाभ मात्र नव्या साध्या फिल्टरनेच मिळतो. या ट्रकांत डब्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून येणारी गरम हवेची एक नळी अनेकदा असते; थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये आणि इंजिन लवकर सुरळीत चालावे यासाठी ती असते. गोल उघडा फिल्टर बसवताना लोक ही नळी आणि तिची झडप फेकून देतात आणि मग थंड, दमट सकाळी इंजिन का अडखळते याचा शोध घेत बसतात.

डिझेल इंजिनात शक्ती इंधनाच्या मात्रेने ठरते आणि हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते. म्हणून इंधनाची मात्रा न वाढवता केवळ हवा वाढवली तर ओढीत विशेष फरक पडत नाही. धूर आणि एक्झॉस्टचे तापमान थोडे कमी होऊ शकते. मात्र इंधनपंपाची मात्रा वाढवलेली असेल, चढावर काळा धूर निघत असेल आणि पाण्याच्या नळीत मोठे वाचन येत असेल, तर येथे मोठा फिल्टर आणि मोकळी नळी खऱ्या उपयोगाची आहे. टर्बोच्या तोंडाशी असलेला अडथळा टर्बोला जास्त वेगाने फिरायला लावतो, त्यामुळे जुन्या टर्बोच्या आयुष्याच्या दृष्टीनेही तो काढणे हिताचे ठरते.

धुळीचा प्रश्न

कमी अडथळ्याचा फिल्टर निवडताना तो किती धूळ अडवतो हे आधी पाहावे. शक्तीचा विचार त्यानंतर. फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या प्रमाणानुसार होते आणि तीत अडथळा, धूळ अडवण्याची क्षमता व धूळ साठवण्याची क्षमता या तिन्हींचे आकडे मिळतात. केवळ प्रवाहाचा आकडा सांगणाऱ्या आणि उरलेले दोन न सांगणाऱ्या उत्पादकाचा फिल्टर मी घेणार नाही. ९९.५ टक्के धूळ अडवणारा फिल्टर ०.५ टक्का आत सोडतो आणि ९७ टक्के अडवणारा ३ टक्के सोडतो. कागदावर अडीच टक्क्यांचा दिसणारा हा फरक इंजिनाच्या दृष्टीने सहापट धुळीचा आहे. धुळीतले सिलिकाचे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमधल्या तेलाच्या थरात शिरून दोन्ही घासतात, आणि आधीच झिजलेल्या जुन्या इंजिनाला ही झीज परवडत नाही. कच्च्या रस्त्यावर, शेतात किंवा खाणीत चालणाऱ्या ट्रकसाठी मूळ कागदी फिल्टर आणि त्याच्या आधी धूळ फिरवून बाहेर टाकणारा प्री-क्लीनर ही जोडी कोणत्याही उघड्या शंकूपेक्षा श्रेष्ठ आहे.

तेल लावलेल्या सुती फिल्टरमध्ये आणखी एक धोका असतो. तेल जास्त झाले तर ते हवेबरोबर पुढे जाऊन मास एअर फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या उपकरणाच्या) तापलेल्या तारेवर बसते आणि सेन्सर चुकीचे मोजू लागतो. असा फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्यावा, तेल थोडे आणि सारखे लावावे आणि ते मुरल्यावरच बसवावा. हवेच्या दाबाने फुंकून तो कधीही साफ करू नये, कारण त्याने सुताची वीण विस्कटते.

सेन्सर, मिश्रण आणि जाहिरातीतले आकडे

मास एअर फ्लो सेन्सर आपल्या भोवतीच्या नळीच्या व्यासासाठीच जुळवलेला असतो. ७५ मिलिमीटरच्या जागी ८० मिलिमीटरची नळी आली की छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. तेवढीच हवा संथ वाहते, सेन्सर ती कमी मोजतो आणि संगणक इंधनही कमी सोडतो. नेहमीच्या चालीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक भरून काढतो, पण पूर्ण एक्सिलरेटरवर त्याचा अंकुश राहत नाही. मूळ मिश्रण तेथे सुरक्षिततेसाठी काहीसे गडद ठेवलेले असल्याने ते थोडे फिके झाले, म्हणजे त्यातले इंधन कमी झाले, की शक्ती किंचित वाढते, आणि डायनोवर (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) दिसणाऱ्या वाढीचा काही भाग हवेतून न येता या फिकेपणातून येतो. ओझे घेऊन लांब चढ चढणाऱ्या ट्रकमध्ये हाच फिकेपणा इंजिन तापवू शकतो आणि ठोका (नॉकिंग) आणू शकतो. एकाच गाडीच्या दोन डायनो चाचण्यांतही एक-दोन टक्क्यांचा फरक सहज येतो, आणि बोनेट उघडे ठेवून समोर पंखा लावून घेतलेले आकडे रस्त्यावर लागू पडत नाहीत, हेही जाहिरात वाचताना ध्यानात असावे.

संच कधी घ्यावा आणि कसा बसवावा

मूळ डबा तडकला आहे आणि त्याचा सुटा भाग आता मिळत नाही, हे जुन्या ट्रकसाठी संच घेण्याचे सर्वांत रास्त कारण आहे. कॅमशाफ्ट, हेड, एक्झॉस्ट किंवा टर्बो बदलून इंजिनाची हवेची भूक वाढवली असेल, तर मोजमाप आपोआपच मोठे येईल आणि संचाला काम मिळेल. इंजिनाचा खोल आवाज आवडतो म्हणून संच घेणेही मला गैर वाटत नाही. मूळ नळीला चिकटलेली विचित्र आकाराची कुपी हवेचा प्रवाह फारसा न अडवता आवाज शोषण्यासाठी असते, आणि ती गेली की आवाज नक्कीच वाढतो. एवढेच की त्या आवाजाला शक्ती समजू नये. प्रदूषणाचे नियम लागू असलेल्या ट्रकसाठी संचाला त्या ठिकाणची मान्यता आहे का, हे आधी पाहावे. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, तेथील एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता-क्रमांक संचावर असावा लागतो.

निवडताना बंद डब्याचा, बाहेरच्या हवेच्या तोंडाला घट्ट बसणारा आणि सेन्सरसाठी मूळ व्यासाचीच जागा असलेला संच घ्यावा. फिल्टर बंपरच्या खाली उतरवणारी रचना पाण्यातून जाणाऱ्या ट्रकला घातक आहे, कारण पाणी सिलिंडरमध्ये गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतात.

बसवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि जुन्या जोडण्यांचे फोटो काढून ठेवावेत. सेन्सरवरचा बाण इंजिनाच्या दिशेने असावा आणि त्याच्या तारेला बोट लागू देऊ नये. क्रँककेसच्या श्वासनळीची (इंजिनाच्या खालच्या पोकळीत हवा खेळवणाऱ्या नळीची) जोडणी फिल्टर आणि सेन्सर या दोन्हींच्या पुढेच आली पाहिजे. ती तशीच उघडी सोडली तर न मोजलेली आणि न गाळलेली हवा आत जाते. ओझ्याखाली इंजिन आपल्या माउंटवर हलते, म्हणून धातूच्या नळीत एक तरी लवचीक रबरी जोड हवा आणि नळी बॅटरी, पंखा व बोनेट यांपासून अंगठ्याएवढ्या अंतरावर राहिली पाहिजे. क्लॅम्प इंजिन दोन-चारदा गरम-थंड झाल्यावर पुन्हा आवळावेत.

त्यानंतर स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात सतत किती टक्के दुरुस्ती करतो तो आकडा, पाहावा. बदलापूर्वीचा आकडा लिहून ठेवलेला असला पाहिजे. नवा आकडा आयडलिंगला आणि २५०० आरपीएमवर जुन्यापासून पाच टक्क्यांपेक्षा जास्त सरकला असेल, तर हवेची गळती किंवा सेन्सरचे चुकीचे मोजमाप यांचा शोध घ्यावा. पी०१७१ किंवा पी०१७४ हे कोड मिश्रण फिके झाल्याचे सांगतात. मग पाण्याची नळी पुन्हा जोडून त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये अडथळा मोजावा, आणि एकाच गिअरमध्ये ठरावीक दोन वेगांमधला वेळ दोन्ही दिशांनी काढून जुन्या वेळेशी ताडून पाहावा. एकाच दिवशीच्या फेऱ्यांमधला आपसांतला फरक जुन्या-नव्यातल्या फरकाहून मोठा असेल, तर वाढ सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

काही आठवड्यांच्या वापरानंतर नळी उघडून फिल्टरच्या पुढच्या भागात पांढरे कापड फिरवावे. त्यावर धुळीचा पट्टा आला तर फिल्टरची कड नीट बसलेली नाही किंवा फिल्टरच सच्छिद्र आहे. शक्य असेल तर पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी जुन्या तेलाचा नमुना तपासायला द्यावा आणि सिलिकॉनचा आकडा बदलापूर्वीच्या नमुन्याशी पाहावा. इंजिन नुकतेच उघडून सिलिकॉनचे सीलंट वापरले असेल तर हा आकडा त्यामुळेही चढतो. पण त्याबरोबर लोखंड, क्रोमियम किंवा ॲल्युमिनियमही वाढले असेल तर धूळ आत जात आहे असे समजून मूळ डबा आणि कागदी फिल्टर लगेच परत बसवावा, आणि त्यासाठीच काढलेला मूळ डबा, त्याच्या क्लिपा व नळी भंगारात न देता जपून ठेवावी.